रामलिंगच्या रानातली काच

मित्रांनो, मी एक जुना, काचेवर फोटो काढणारा कॅमेरा आहे. सागवानी पेटी, चामडी भाता आणि पितळी कड्यातलं भिंग, एवढाच माझा संसार. धाराशिवला मल्लिकार्जुनअप्पांच्या दुकानात मी निजामाच्या अमदानीतली कितीतरी लग्नं पाहिली. नवरानवरी माझ्यापुढे श्वास रोखून बसत, लोक अप्पांची वाहवा करत आणि फुगायचो मात्र मी.

पण अप्पांचा जीव रमायचा येडशीजवळच्या रामलिंगच्या रानात. तिथे एक पाखरू गायचं. दयाळासारखं काळं, पण पोट तांबूस आणि शेपूट भलतंच लांब. लोक म्हणत, दयाळच असेल. अप्पांना ते पटेना. हैदराबादच्या जाणकारांना फोटो दाखवून त्याचं नाव विचारायचं, असा त्यांनी ध्यासच घेतला. घाईही होती. महायुद्धाच्या दिवसांत रान लाकडी कोळशाच्या ठेक्यात गेलं होतं आणि कुऱ्हाड ओढ्यापर्यंत आली होती.

गाताना पाखराचा गळा थरथरतो आणि काचेवर नुसता धूर उमटतो. म्हणून अप्पा गाणं संपायची वाट पाहत. बहुतेकदा गाणं संपलं की पाखरूही भुर्र. एका सकाळी मात्र ते गाऊन झाल्यावर जरा बसून राहिलं. अप्पांनी माझी झडप उघडली. काच उत्तम निघाली, शेपटीचं टोकसुद्धा स्पष्ट.

फोटो छापायचा कागद गावात मिळेना, म्हणून अप्पा सोलापूरला गेले. त्यांच्या मागे रानाचे ठेकेदार माणिकप्पा आपल्या फोटोला चौकट करून मागायला आले. बाजारात काच नव्हती. अप्पांच्या पत्नी शिवगंगाबाईंनी रिवाजाप्रमाणे फोटो काढलेली एक काच सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कोरी केली आणि चौकटीत बसवून दिली.

अप्पा परतले आणि काच शोधू लागले.

“तिच्यात माणूस नव्हता, नुसत्या फांद्या,” शिवगंगाबाई म्हणाल्या. “तुमीच सांगितलं व्हतं, माणूस नसंल ती काच धुवायची.”

“व्हय,” अप्पा खाली बसत म्हणाले. “म्याच सांगितलं व्हतं.”

आम्ही पुन्हा रानात गेलो. ती फांदी कोळशाच्या भट्टीत गेली होती. पुढेही पुष्कळदा गेलो, पण पाखरू दिसलं नाही. मला गळा नाही, त्यामुळे गाणं कसं होतं तेही मी गाऊन दाखवू शकत नाही. ऐकलेले अप्पा आता नाहीत. फार वाईट वाटतं.

मित्रांनो, माझा भाता उंदरांनी कुरतडला, त्याचं काही नाही. पण तुमच्या रानात कुणी गात असेल, तर ते आहे तोवर त्याचं नाव विचारून घ्या. आमची काच माणिकप्पांच्या तसबिरीवर अजून आहे म्हणतात. दर सणाला ती पुसून लख्ख करतात.