रविवारची मेंढरं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पैठण रस्त्यावर चला. पौषातली थंडी आहे. रस्त्याच्या कडेनं दोन माणसं पळताहेत. अंगात बनियन, पायात कॅनव्हासचे बूट, तोंडातून वाफ. आता सांगा, असा पळणारा माणूस दिसला की पहिल्यांदा मनात काय येतं? एक तर तो कुणाच्या मागं लागलाय, नाहीतर त्याच्या मागं कुणी लागलंय. बिडकीनजवळच्या त्या गावालाही आधी तसंच वाटायचं. मल्हारी पहाटे पळत निघाला की ओट्यावरचे म्हातारे हसून विचारायचे, "का रं धनगरा, लांडगा आला का मागं?"

लांडगा नव्हता, शर्यत होती. पैठण रस्त्यावर तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकानं कामगारांसाठी सव्वीस जानेवारीला एकवीस किलोमीटरची शर्यत ठेवली होती. तिच्यात जो चमकेल त्याला साहेब कायम करतो, अशी बोलवा होती. मल्हारी त्या कारखान्यात रोजंदारीवर माल उचलायचा. मोतीरामही तिथंच होता. तो त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. दोघांनी ठरवलं, पळायचं.

ठरवायला काय जातंय? पळायचं कधी? या आठवड्यात सकाळची पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रीची. घरात तान्हं पोर, थकलेला बाप भिकन आणि वाड्यात मेंढरं. मल्हारीची बायको बानाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढा दम उरतोय व्हय अंगात? मग आधी आडाचं पाणी भरा."

शेवटी तडजोड झाली. पाणी भरल्याशिवाय पळायचं नाही. सकाळची पाळी असली की सायकल घरी ठेवायची आणि भाकरी पाठीला बांधून कामावर पळतच जायचं. रात्रपाळी असली की सुटल्यावर पळत घरी यायचं आणि पाळण्याची दोरी हातात धरून झोपायचं. लांबचं पळणं तेवढं रविवारी. पण रविवारी मेंढरं मल्हारीकडं असायची. भिकनचे गुडघे गेले होते, आणि बानाबाईला तान्ह्याला टाकून रानात जाता येत नव्हतं.

"मी राखते की," मंजुळा म्हणाली. मल्हारीची ही थोरली लेक तेव्हा पाचवीत होती.

मग आजानं नातीला शिकवलं. जीभ टाळूला लावून हाळी कशी द्यायची, म्हणजे मेंढरं वाटेच्या एका अंगाला होतात, ते दाखवलं. म्हणाला, "आन एक ध्यानात ठिव, पोरी. धनगर चालला तर मेंढरं चालत्यात. धनगर खाली बसला तर त्येच्या भवती गोळा हुत्यात. मग कुणी मारलं तरी हालत न्हाईत."

रविवार मंजुळेला आवडू लागला. परत येताना दोघं पळणारे पांदणीतून यायचे. पांदण म्हणजे दोन शेतांमधली खोल, अरुंद वाट. हिच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे बांध होते आणि बांधांवर निवडुंग. मंजुळेचा कळप वाट अडवून उभा असायचा. मोतीराम धापा टाकत हात जोडायचा, "मंजुळाबाई, तुमच्या पलटणीला सांगा, मोतीरामाला वाट द्या म्हणावं." ती हाळी द्यायची, मेंढरं बाजूला व्हायची. पुढं चालणारा भोऱ्या बोकड त्याच्या हाताचा घाम चाटायचा.

त्या साली संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. एका नावासाठी माणसांनी सोळा-सतरा वर्षं लाठ्या खाल्ल्या होत्या, घरं जळताना पाहिली होती. मोतीरामचा थोरला भाऊ अठ्ठ्याहत्तर साली अशाच एका जळत्या घरातून बाहेर आला नव्हता. बौद्धवाड्यात तिळगूळ वाटला गेला. दुसऱ्या रात्री कुणीतरी तिथल्या कडब्याच्या गंज्या पेटवल्या. एक गाय दाव्याला बांधलेलीच जळाली.

रविवारी पहाटे मोतीराम मल्हारीच्या दारात आला. डोक्याला निळा रुमाल बांधलेला.

"भावजी, आज राहू द्या की," बानाबाई म्हणाली.

"वहिनी, घरात बसलो तर त्यांना वाटंल भ्यालो. आन शर्यत काय माझ्यासाठी थांबनार हाय?"

मल्हारीनं बुटाची नाडी आवळली.

ऊन वर आलं तेव्हा मंजुळा बरडावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ माळावर, मेंढरं चारत होती. तिथून रस्ता हातावरच्या रेषेसारखा दिसायचा. परत येणारी दोन माणसं तिला दिसली. त्यांच्या पुढं, रस्त्यावरच्या आंब्याखाली, दोन फटफट्या आडव्या लावलेल्या दिसल्या. आठ-दहा जण होते. मधोमध पांढऱ्या टोपीचा सर्जेराव होता. गावात सगळ्यात जास्त जमीन त्याचीच.

"काढ तो रुमाल," सर्जेराव ओरडला. वारा मंजुळेच्या दिशेनं होता.

मोतीरामनं रुमालावर हात ठेवला, पण काढला नाही.

पहिला दगड त्याच्या कपाळावर बसला. मल्हारी मध्ये घुसला. "मालक, आवो आपल्या गावचा मानूस हाय!"

"धनगरा, तुझं काय काम? तू मुकाट्यानं घरी जा."

मल्हारी गेला नाही. मग एकानं लोखंडी पाइप उचलला. मंजुळेनं पाइप खाली येताना पाहिला, आणि आवाज तिच्यापर्यंत आला तेव्हा तो पुन्हा वर गेलेला होता. दुसरा घाव गुडघ्यावर पडला. तिचा बाप गाडीतून पडलेल्या पोत्यासारखा रस्त्यावर बसला. कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ मारली. तोंड रक्तानं भरलं, तरी तो ओरडलाच, "मोतीराम, पळ! पळ गड्या!"

मोतीराम क्षणभर घुटमळला. एका कुऱ्हाडीनं त्याचा खांदा चिरला, तेव्हा तो पळाला. रस्ता सोडून सरळ पांदणीकडं. पांदणीच्या पलीकडच्या तोंडाला बिडकीन होतं, बाजार होता, पोलीस होते. पण खांद्यातून रक्त गळत होतं आणि मागं फटफट्या सुरू झाल्या होत्या.

मंजुळेला बापाकडं धावत जायचं होतं. तिचे पाय तिकडं वळलेही. रस्त्यावर बाप कोपरावर उठला होता आणि हात हलवत होता, तिला नव्हे, मोतीरामाला. पळ, पळ.

तिनं काठी फिरवली आणि कळप बरडावरून पांदणीत उतरवला.

मोतीराम आला तेव्हा त्याचं अर्धं बनियन लाल झालेलं होतं. त्यानं हात जोडले. मंजुळेनं हाळी दिली. मेंढरं एका अंगाला झाली. तो भोऱ्याच्या पाठीवर हात टेकत पुढं गेला, आणि त्याच्या मागं मेंढरं पुन्हा एक झाली.

फटफट्या पांदणीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती लोकर.

"ए पोरी, काढ मेंढरं!" सर्जेराव म्हणाला.

मंजुळेनं काठी आडवी धरली.

"बहिरी हाय का? बापाचा गुडघा फुटलेला बघितला न्हाईस?"

"बघितला," मंजुळा म्हणाली.

एकानं फटफटी तशीच आत घातली. एक मेंढी चाकाखाली गेली. तिचं ओरडणं मध्येच तुटलं. बाकीची बिथरली, मागच्या मागं रेटू लागली. दुसरा कुऱ्हाड घेऊन उतरला. त्यानं पुढं उभ्या असलेल्या भोऱ्याच्या मानेवर घाव घातला, मग आणखी एक. भोऱ्याचे पुढचे पाय दुमडले. रक्ताची चिळकांडी मंजुळेच्या परकरावर, हातावर, ओठांवर उडाली.

"एकेक करून सगळी कापीन," तो म्हणाला. "दे हाळी. बाजूला घे."

हाळी दिली असती तर मेंढरं लगेच बाजूला झाली असती. जीभ टाळूला लावायचाच काय तो अवकाश. घरची भाकरी त्या मेंढरांवर होती. मंजुळेनं मागं वळून पाहिलं. पांदणीच्या लांबच्या वळणावर मोतीराम बांधाला धरून धरून चालत होता. त्याला आता पळता येत नव्हतं.

कळप फुटू लागला होता. दोन मेंढरं फटफटीच्या बाजूनं बाहेर निसटली, तिसरी निघाली. कुऱ्हाड पुन्हा वर गेली.

मंजुळेनं हातातली काठी टाकली, आणि पांदणीच्या मधोमध, भोऱ्याच्या रक्तातच, मांडी घालून खाली बसली.