वहीबाहेरचे कोल्हे

कोल्ह्यांवर संशोधन करणारी अनुया माझ्या ओटीवर बसून लॅपटॉपमधलं वाचून दाखवत होती. कोल्हे पकडून दुसरीकडे सोडल्याच्या जिथे जिथे नोंदी होत्या, त्या सगळ्या तिने दोन वर्षं गोळा केल्या, पारखल्या. खाडीतल्या कोल्ह्यांची नोंद एकच सापडली. माझी वही.

"चौदा सोडले, चौदाही ठणठणीत. काका, तुमच्या वहीनेच निष्कर्ष पक्का झाला. वनखात्याच्या सोमवारच्या बैठकीत रोडपाली खाडीचे कोल्हे डोंगरात हलवायचं ठरेल."

मी चहाची बशी खाली ठेवली.

"त्यातले अकरा मेले, पोरी."

"वहीत तर नाही!"

वही मी सेहेचाळिसाव्या वर्षी धरली, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हा वनखात्यात रोजंदारीवर होतो, खाडीतले कोल्हे पकडून डोंगरात सोडायचो. गुरुजींनी पहिल्या पानावर श्री काढून दिला. मरणाच्या पत्रावर श्री नसतो, हे अक्षर येत नव्हतं तेव्हाही मला ठाऊक होतं. मग श्री असलेल्या वहीत मरण कसं लिहू? कोल्हा सोडला त्या दिवशी 'ठणठणीत' लिहिलं. पुढे ते खाडीकडे परत निघायचे, हमरस्त्यावर गाड्यांखाली चिरडले जायचे. मी उचलून पुरायचो. लिहायचो नाही.

"वही काढून टाक मंग."

"बाकीच्या नोंदीही 'कोल्हे हलवा' असंच म्हणतात, काका. त्या खाडीच्या नाहीत, एवढंच."

"आता लिवून देतो."

"इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेलं मला धरता येत नाही. पुरावा लागतो."

"कानात नंबराचे बिल्ले व्हते, पत्र्याचे. तसेच पुरलेत."

माझी बायको भामा आतून ओरडली, "धड मांडी घालता येत नाय, नि निघाले खणायला!" पण कुदळ तिनेच आणून दिली.

शनिवारी मी आणि अनुया डोंगराच्या पायथ्याशी गेलो. वाटेत रोडपालीला पिंजरे उतरवताना दिसले. पुरलेल्या जागेपैकी निम्मी नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेली होती. उरलेल्यात दुपारपर्यंत खणलं. एक कवटी लागली. बिल्ल्यावरची माती नखाने खरवडली. नंबर सात.

तो अनुयाच्या हातावर ठेवला. "झालं ना?"



"बैठकीतले लोक 'चौदातला एक मेला' एवढंच वाचतील, काका. एकाने निकाल फिरत नाही."

मी कुदळ उचलली.

"अजून धा हायत," म्हणालो. भरावाकडे बघितलं नाही. ती खाली बसली आणि हातांनीच माती उकरू लागली.