वहिनी कुठला पाय टेकतात?

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं आमच्या घरात झालं. पडले मी, मनगट सुजलं माझं, आणि विकायला काढलं कोणाला? माझ्या सायकलला!

मी दातांच्या कवळ्या बनवते. कामाची जागा घरापासून सायकलवर अर्ध्या तासावर आहे, मध्ये एक चढाचा पूल लागतो. तो अर्धा तास माझा असतो. तिथे कोणी 'अगं, माझा चार्जर कुठाय' म्हणून विचारत नाही. दिवसभरात तेवढाच वेळ मी कोणाची कोणी नसते, आणि मला ते फार आवडतं. आवडतं तर आवडतं, त्यात लाजायचं काय?

आमचे हे विम्याच्या कंपनीत आहेत, पण जीव सगळा सायकलीत. रविवारी घट्ट कपडे, काळा चष्मा, मागे चारपाच मित्रांची टोळी, आणि हे सगळ्यांच्या पुढे. माझ्याबरोबर निघाले तरी पुढेच. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं सायकलवरून फिरायला गेलो, तेव्हापासून मी यांची पाठच बघत आलेय.

एकदा जेवताना मी सहज म्हटलं, "अहो, पुलाच्या चढावर माझा डावा पाय पेडलवरून सटकतो." झालं! हात धुवायच्या आधी यांनी फोन हातात घेतला. मला पुढे काय म्हणायचंय ते ऐकून तरी घ्यायचं! पण नाही. चार दिवसांत नवे पेडल आले, नवे बूट आले आणि यांनी स्वतः बसून ते सायकलला लावलेही.

त्याचं असं असतं, की बुटाच्या तळाला क्लीट नावाचा एक तुकडा असतो. तो पेडलमध्ये खट्टकन अडकतो, मग पाय सटकत नाही. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. याला म्हणे क्लिपलेस पेडल म्हणतात. पाय सापळ्यात अडकलाय आणि नाव क्लिपलेस! ज्याने हे बारसं केलं तो मला एकदा भेटायला हवा.

बरं, बूट तरी कसले? शर्यतीचे. क्लीट तळव्याच्या बाहेर आलेली, ढब्बू, प्लास्टिकची. कामाच्या फरशीवर मी चालायला लागले की टाकटुक टाकटुक. पहिल्याच दिवशी प्लास्टर कालवायच्या बेसिनपाशी सर्रकन घसरले. हातात कोणा आजोबांची तयार कवळी होती, ती वाचली हे त्यांचं नशीब.

घरी येऊन म्हटलं, "अहो, मला दिवसभर उभं राहून काम करायचंय. मला चालता येईल असं काहीतरी बघा."

"अगं, प्रोफेशनल लोक हेच वापरतात."

"मग मी कोण आहे? हौशी कवळीवाली?"

यावर हसले. माझ्या रागावर हसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, हे यांना अजून कळलेलं नाही. तरी मी शांतपणे सांगितलं, "आणि उजवा पाय लवकर सुटत नाही. फार घट्ट आहे तो."

"सराव कर. भिंतीला धरून सोडव, अडकव, सोडव, अडकव. मी सगळं नीट बघून बसवलंय."

नणंदबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात सायकलला हात लावलेला नाही, पण जिभेला हाड असतं का? म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, वहिनी!"

का कोण जाणे, मी भिंतीला धरून सराव केला. डावा सुटायचा, उजवा कधी सुटायचा, कधी अडून बसायचा. मला वाटलं, असेल माझंच काही चुकत.

आणि एका सकाळी पूल उतरल्यावरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. मी ब्रेक दाबला आणि नेहमीसारखी उजवी टाच फिरवली. सुटेना. परत फिरवली. सुटेना! सायकल थांबली होती, मी थांबले होते, आणि सगळ्या रस्त्यासमोर मी, सायकल आणि डबा असे सावकाश उजवीकडे आडवे झालो. इतकं सावकाश, की पडता पडता मला यांचा चेहरा आठवायला वेळ मिळाला.

मेणात एकेक दात बसवायचा तो उजव्या मनगटाच्या जोरावर. त्याच मनगटाला पट्टा बांधून मी घरी बसले. घरी जो आला त्याने एकच सांगितलं, आता वय झालं. पन्नाशी म्हणजे यांना काय शंभरी वाटते? पेडल कोणी आणले, कोणी आवळले, याचं कोणी नाव काढेना. आणि एक दिवस हे म्हणाले, "सायकल आता पुरे. दुकानदाराशी बोललोय मी, तो ठेवून घेईल. मी सोडत जाईन तुला गाडीने."

सोडत जाईन! ज्या माणसाला घरातून निघाल्यावर आधी रुमालासाठी, मग पाकिटासाठी, मग किल्लीसाठी परत यावं लागतं, तो मला वेळेवर सोडणार!

"सायकल माझी आहे," मी म्हटलं. "मीपण येते दुकानात."

मनगटाचा पट्टा निघाला त्या रविवारी आम्ही निघालो. मी माझी सायकल ढकलत, हे आपली ढकलत. तेव्हाही पुढेच.

दुकानदार यांच्या ओळखीचा. त्याने माझ्या सायकलचं चाक फिरवलं, चेन बघितली, ब्रेक दाबले, आणि जे काही विचारायचं ते सगळं यांना विचारलं. मी जणू सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलेलं सामान होते. मग त्याने पेडलची पकड घट्ट-सैल करायच्या स्क्रूला चावी लावली.

"साहेब, हा उजवा भलताच आवळलाय. डावा मात्र एकदम सैल."

"मीच केलंय," हे ऐटीत म्हणाले. "सिग्नलला जो पाय टेकतो तो चटकन सुटायला हवा. दुसरा घट्ट राहिला तरी चालतो. माझ्या सायकललाही असंच आहे."

"बरोबर आहे. मग वहिनी कुठला पाय टेकतात?"

मला नाही, यांना विचारलं. आणि यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "डावा."

मी ऐकलं. आधी मला वाटलं, बोलताना चुकले असतील. मग कळलं, की नाही, या माणसाला खरंच असं वाटतंय.

"उजवा," मी म्हटलं.

"अगं, डावाच टेकतेस तू."

"कधी बघितलंत?"

"म्हणजे... नेहमीच की. सिग्नलला..." आणि तिथेच थांबले. कुठला सिग्नल, कुठला रस्ता, काही आठवेना. आठवणार कुठून? सिग्नलला मी पाय टेकते तेव्हा हे माझ्या पुढे असतात.

"मी उजवाच टेकते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि चढू दे म्हटलं. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जिन्यावरून पडले, तेव्हापासून. डाव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत माझ्या. दवाखान्यात उशाशी कोण बसलं होतं? तुम्हीच ना? तो घोटा भार घेत नाही, म्हणून चढावर तो पाय सटकतो. जेवताना मी हेच सांगत होते. आणि तुम्ही माझ्या सायकलला तुमचे पाय बसवलेत!"

दुकानदार चावी पुसत बसला. त्याला एकाएकी दुकानात फार काम निघालं. हे माझ्या घोट्याकडे बघत होते.

"सायकल विकायची नाही," मी दुकानदाराला सांगितलं. "आता मला विचारा काय हवंय ते."

मग मात्र त्याने मला विचारलं. मी सांगितलं. पट्टा बांधून घरी बसले होते तेव्हा सगळं वाचून ठेवलं होतं. पेडल असे हवेत, की एका बाजूने सपाट, साध्या चपलेनेही चालवता येतील, आणि दुसऱ्या बाजूने क्लीट अडकेल. बूट चालायचे हवेत, ज्यात छोटी धातूची क्लीट रबरी तळव्याच्या आत बसते, फरशीला लागत नाही. क्लीटसुद्धा अशी, की घाबरून पाय कसाही ओढला तरी सुटेल. त्याने एकेक खोका काढला. बोटभर मापाची ती क्लीट मी नखाने चाचपली, दात चाचपते तशी. मग म्हटलं, "ही फक्त डाव्या बुटाला लावा. उजवा मोकळा ठेवा."

"एकाच पायाला? असं कोणी घेत नाही, वहिनी."

"सटकतो एक आणि टेकायचा दुसरा. मग दोन्ही कशाला बांधून घेऊ?"

त्याने यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तिला विचार."

क्लीट बसवताना दुकानदाराने मला बूट घालून चारदा पेडल मारायला लावलं, गुडघा सरळ राहतोय ना ते बघितलं, स्क्रू अगदी सैल ठेवला. मी दुकानाबाहेर एक चक्कर मारून आले. पाय सटकला नाही. हसू आलं होतं, पण तोंड फुगलेलंच ठेवलं. इतक्या लवकर यांना कशाला सोडायचं?

"चला," मी म्हटलं, "आज तुम्ही मागे."

पहिल्या सिग्नलला मी थांबले. डावा पाय अडकलेला, उजवा जमिनीवर. मागे यांचे ब्रेक वाजले. मी वळून बघितलं नाही.

थोड्या वेळाने मागून हळूच आवाज आला, "उजवाच गं."

"हं."

"घोटा अजून दुखतो?"

"थंडीत दुखतो."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले," मी म्हटलं. "पुढे ऐकू गेलं नसेल."

दिवा हिरवा झाला. सवयीने यांनी हँडल वळवलं आणि माझ्या बाजूने सायकल पुढे काढायला लागले.

"मागेच राहा," मी म्हटलं. "अजून तीन सिग्नल आहेत."