उठतोय हं!

सुतार टेबलाखाली उताणा शिरला आणि आखूड पायाला लाकडाची चकती चिकटवून ती अंगठ्याने दाबून धरली. थोरली लेक कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

"बाबा, आज तरी ते हलता कामा नये. त्याची आई पहिल्यांदाच येतेय आपल्याकडे."

"नाही हलणार गं."

"त्यांच्या घरी सगळं कसं जागच्या जागी असतं. आपलं हसं व्हायला नको."

लोकांच्या घरी त्याने बसवलेली दारं एका बोटाने ढकलली तरी बिनआवाज मिटत. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार! ही थोरली पोटात असताना त्याने आनंदाच्या भरात हे टेबल केलं आणि एक पाय आखूड कापला. मग त्याच्या मापाने दुसरा, मग तिसरा. शेवटी बायकोने करवतच हिसकावून घेतली. "आणखी कापाल तर जेवायला पालथं पडावं लागेल," ती म्हणाली होती.

तेव्हापासून टेबल डुगडुगतच राहिलं. कोणी टेकून उठलं की सगळ्यांचं पाणी सांडायचं. त्यावर आजोबांनी, म्हणजे सुताराच्या वडिलांनी, तोडगा काढला. उठणाऱ्याने आधी "उठतोय हं!" म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापला पेला उचलायचा. दोन्ही मुली चालायच्या आधी पेला उचलायला शिकल्या. या घरात भांडणं काय कमी झाली? पण तणतणत ताटावरून उठणारासुद्धा आधी "उठतोय" म्हणे, आणि ज्याच्याशी भांडण तोही मुकाट्याने पेला उचले. काय म्हणावं अशा माणसांना!

दुपारी पाहुणे आले. थोरलीने पसंत केलेला मुलगा अबोल होता, त्याची आई त्याहून अबोल. टेबल खडकासारखं घट्ट उभं होतं. सुताराने हळूच कोपरा दाबून पाहिला. खरं तर त्याची छाती फुगायला हवी होती, पण त्याला उगीचच परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटत होतं. हवापाण्याच्या गप्पा दोनदा झाल्या, तिसऱ्यांदा सुरू झाल्या.

आजोबांना गोळीची आठवण झाली. त्यांनी टेबलावर तळवे टेकले.

"उठतोय हं!"

चार पेले एकदम हवेत गेले. सगळ्यात आधी थोरलीचा.

पाहुण्या मुलाचा घास हातातच राहिला. थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते काय झालं, माझ्याच हातून..." त्याने सुरुवात केली.

"थांबा बाबा. मी सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. आधी खाली मान घालून, मग हसत हसत. आखूड पाय, करवत, आईची तंबी. धाकटीने तिखटमीठ लावलं. सुतार लेकीकडे बघतच राहिला. त्याच्या चुकीची गोष्ट ती अशी सांगत होती, जणू घरातला दागिना दाखवतेय.

मुलाची आई मात्र हसली नाही.

"म्हणजे कोणीही उठलं, की सगळे थांबतात?" तिने विचारलं.

"थांबावंच लागतं हो, नाहीतर आंघोळच व्हायची," सुताराची बायको म्हणाली.

"आमच्याकडे कोण कधी उठून गेलं, ते रिकामं ताट दिसलं की कळतं."

मुलाने आईकडे पाहिलं आणि नजर खाली केली. धाकटीने त्याच्या आईला आणखी भाजी वाढली, आणि इतका वेळ नको नको म्हणणाऱ्या त्या बाईंनी ती खाल्ली.

जेवणं झाली. बाई खुर्ची मागे सारून अर्धवट उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. त्या घट्ट टेबलावर त्यांनी दोन्ही तळवे टेकले.

"उठतेय हं," त्या म्हणाल्या.

सहा पेले वर गेले. त्यांच्या लेकाचा जरा उशिरा.