पाहणीचा मांडव

कासारबंदरात कुणाच्या अंगणात मांडव दिसला की माणसे विचारतात, मुंज की लगीन? रावजीशेट शेट्यांच्या अंगणात त्या सकाळी गडी पोफळीचे खांब पुरत होते, वर माडाच्या झावळ्यांचे झाप अंथरत होते, आणि घरात ना मुंज होती ना लगीन. तरी वाटेने जाणारे कुणी काही विचारीत नव्हते. बघत, गालात हसत आणि पुढे जात. मेंबराच्या दारातला मांडव कशाचा, हे गावातले शेंबडे पोरदेखील सांगू शकले असते.

रत्नागिरीहून होडीने अर्ध्या दिवसावरचे हे लहानसे बंदर. गाव लहान, पण म्युनिसिपालिटी होती, आणि म्युनिसिपालिटी होती म्हणून घरपट्टी होती. दर चार वर्षांनी कमिटी घरोघर पाहणीला निघे. झापाच्या घराला एक पट्टी, कौलारू घराला तिच्या तिप्पट, माडी असली तर त्याहून चढी. कमिटीची मोजणीची दोरी गरिबाच्या घरात थेट न्हाणीपर्यंत जाई. मेंबराच्या घरी मात्र अंगणात झापाचा मांडव पडे, कमिटी त्याच्या सावलीत बसे, सरबत पिई आणि 'छप्पर झापाचे' असे लिहून उठे. घराचा उंबरा ओलांडणे हा मेंबराचा अपमान समजला जाई.

रावजीशेट खोबऱ्याचे व्यापारी. घर मंगळुरी कौलांचे, वर माडी. गेल्या पाहणीत त्यांनी पैसा न् पैसा भरला होता आणि बाजारात उभे राहून ओरडले होते की, वकिलाची माडी झापाची आणि माझी कौलांची, हा कुठला न्याय? त्या एका प्रश्नावर लोकांनी त्यांना निवडून दिले. आता ते मेंबर होते.

"मागल्या पाहणीला नव्हता हो मांडव," आत सरबतासाठी कोकम कुस्करता कुस्करता सगुणाबाई म्हणाल्या. "तेव्हा माझ्या कोठीतसुद्धा दोरी धरलेनीत."

"तेव्हा मी मेंबर नव्हतो," रावजीशेट बोलून गेले.

बोलले आणि आपले शब्द त्यांच्याच कानांना बरे लागले नाहीत. पण गड्यांना हाका मारायच्या होत्या, गाद्या घालायच्या होत्या. कामाच्या माणसाला लाज वाटायलाही सवड लागते.

कमिटी आली. अध्यक्ष नारोपंत वकील गादीवर टेकले, मागून दोन मेंबर आणि कारकून मयेकर. आंबेडाळ झाली, सरबत झाले, यंदा मोहोर कसा जळला ते झाले. मयेकराने दौत उघडली तेव्हा रावजीशेट थोडे पुढे सरकले. ते म्हणाले, "पंत, एकदा आत नजर टाकलीत तर..."

नारोपंत गोड हसले. त्यांचे हसणे कोर्टात साक्षीदाराला फार महाग पडे. "शेट, आम्ही बसलो आहो ते छप्पर कसले?"

"झापाचे."

"मग मयेकर काय खोटे लिहितो आहे?" आणि मग आवाज उतरवून, "तुम्ही एकट्याने पुरी पट्टी भरलीत तर बाकीचे आम्ही कोण ठरू? संस्थेची अब्रू सांभाळायला शिका आता."

मयेकराने लिहिले. रावजीशेटने पानाचे तबक पुढे केले. एवढेच घडले. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी शपथ मोडली नाही. पाप करताना आभाळ कोसळते असे कीर्तनात सांगतात. रावजीशेटच्या अंगणात त्या दिवशी साधी चिमणीही उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा आली. भंडारवाड्यातली विधवा. काजू भाजून, सोलून विकणारी. तिचा मुलगा बाबल्या मुंबईला गिरणीत, आणि घरी सासरा केरू तांडेल. एके काळी त्याने गलबते हाकली होती. आता अर्धे अंग लुळे पडून तो आतल्या खोलीत निजून असे. निवडणुकीच्या दिवशी मात्र त्याने हट्टाने बाज उचलायला लावली होती. चौघांच्या खांद्यावरून येऊन त्याने रावजीशेटला मत दिले होते.

हौसा पायरीशी उभी राहिली. "शेट, भंडारवाड्याची पाहणी आठ दिसांत हाय म्हंतात."

"बस गो हौसा. मग?"

"बाबल्यानं मुंबयसून पैसे धाडलेन, म्हून शिमग्याआधी घरावर कौलं घातलीव. म्हाताऱ्याच्या आंगावर पावसात गळायचं वो. आता मयेकर म्हंतो, कौलं म्हंजे तिप्पट पट्टी. येवढी मी कुटनं भरू? तुमी मेंबर हाव. तुमी सांगा कायतरी."

रावजीशेटला खरोखर वाईट वाटले. ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. ह्या भल्या माणसाला वाटले की हिचे काम झालेच पाहिजे, आणि काल शिकलेली विद्या त्याच्या जिभेवर ताजी होती.

"कौले उतरव," ते म्हणाले. "नीट रचून ठेव, वर झाप घाल. पाहणी झाली की पुन्हा चढव. कोण बघायला येतो आहे?"

हौसा घोटाळली. "खोट्यात नाय ना पडायची मी?"

"अगो, छप्पर झापाचे असले तर झापाचेच लिहिणार. ह्यात खोटे ते काय?"

हे वाक्य नारोपंतांचे. रावजीशेटच्या तोंडून ते इतके सहज निघाले की त्यांचे त्यांनाही कळले नाही. वर त्यांनी औदार्य दाखवले. मांडव उतरतच होता. "हे झाप ने हवे तर. गड्यांकरवी पोचवतो. पैसे नकोत."

"देव भलं करो तुमचं," असे म्हणून हौसा गेली. रावजीशेट त्या दिवशी पोटभर जेवले.

आता मेंबराचा मांडव आणि विधवेचे छप्पर ह्यांत फरक असा, की मेंबराने मांडवाखाली दुपारभर बसायचे आणि रात्री कौलाखाली निजायचे. हौसेला रात्रंदिवस झापाखालीच राहायचे होते. वाड्यातल्या आणखी तीन-चार घरांनी तेच केले. पाहणी आठ दिवसांत व्हायची ती झाली नाही. नारोपंत एका दाव्यासाठी रत्नागिरीला गेले आणि तिथेच राहिले. चैत्र संपला, वैशाखाचा वारा सुटला, झाप वाळून खडखडीत झाले. हौसेने एकदा दुकानात येऊन विचारलेही, "चढवू का वो कौलं?" रावजीशेट म्हणाले, "थांब थोडी. इतकी थांबलीस, आता पाहणी होऊन जाऊ दे."

ज्या दिवशी आग लागली त्या दिवशी भरदुपारी रावजीशेट दुकानात खोबरे तोलून घेत होते. भंडारवाड्याकडून धूर दिसला, मग ओरडा ऐकू आला. ते तसेच धावले. हौसा अंगणात नेहमीच्या जागी काजू भाजत होती. काजूच्या टरफलात तेल असते, ते पेटले की तडतडून उडते. वर्षानुवर्षे ते उडत होते आणि अंगणात पडून विझत होते; कौलांवर पडले असते तरी विझले असते. वारा फिरला, आणि एक जळते टरफल झापांवर जाऊन पडले.

रावजीशेट पोचले तेव्हा छप्पर आत बसले होते. माणसे विहिरीपासून कळशा देत होती. दोघी बायकांनी हौसेला दोन्ही दंडांना धरून ठेवले होते, तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते. ती दोनदा आत शिरली होती आणि दोनदा लोकांनी तिला ओढून काढली होती. केरू तांडेलाला उठता येत नव्हते. बाज उचलायला चार माणसे लागत, आणि त्या वेळी वाड्यात पुरुषमाणूस कुणी नव्हता.

कुंपणाला लागून कौले रचलेली होती. एकही फुटले नव्हते. रावजीशेटची नजर त्यांच्यावर खिळली. लोकांनी त्यांना धुरातून बाजूला घेतले.

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री त्यांना झोप लागली नाही. ताटावर बसत आणि उठत.  पाचव्या दिवशी सगुणाबाई समोर येऊन बसल्या.

"झाप आपले होते ना?"

रावजीशेटने मान डोलावली.

"आणि अक्कल?"

"तीही मीच दिली." रावजीशेट म्हणाले. "पण मी तिच्या भल्यासाठी सांगितले गो. देवाशपथ, भल्यासाठी."

"असेल. पण एक सांगा. इतका चांगला उपाय होता, तर तुम्ही आपली कौले का नाही उतरवलीत? आपण का नाही निजलो महिनाभर झापाखाली?"

 सगुणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, सभेत तर नव्हत्याच नव्हत्या. पण आपला नवरा कुठे चुकला हे त्यांना नवऱ्याच्या आधी दिसत असे, आणि दिसले की त्या बोलत.

नारोपंत परतले, राहिलेली पाहणी उरकली, आणि पुढच्या सभेत घरपट्टीची यादी मंजुरीला आली. आधी नारोपंतांनी दुखवट्याचे चार शब्द काढले आणि गरिबांच्या निष्काळजीपणाबद्दल खेद व्यक्त केला. रावजीशेट उठून उभे राहिले.

"निष्काळजीपणा तिचा नाही. कौले उतरवायला मी सांगितले. का सांगितले? पट्टी चुकवायला. आणि ती विद्या मी कुठे शिकलो? माझ्या अंगणात, तुमच्याकडून, पंत."

"शेट, दु:खात माणूस वाटेल ते बोलतो. बसा."

"बसणार नाही. माझे घर कौलारू आहे, माडीचे आहे, हे ह्या सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुमचेही आहे. आपण सगळे मिळून जे भरत नाही, ते भंडारवाड्यातून आणि खारवीवाड्यातून वसूल होते. म्हणून माझी सूचना लिहून घ्या. पाहणी आधी मेंबरांच्या घरची व्हावी, दिवसाढवळ्या, लोकांसमक्ष. आणि प्रत्येक मेंबराचे घर, दुकान, बागायत, उत्पन्न आणि भरलेली पट्टी बाजारच्या फळ्यावर दरवर्षी लागावी. ज्याला ते नको असेल त्याने निवडणुकीला उभे राहू नये."

सभेत कुजबुज झाली. "उद्या आमच्या बायकांचे डागदागिनेही फळ्यावर टांगाल," कुणीसे म्हणाले आणि हशा झाला. नारोपंत हसले नाहीत. "शेट, लोकांनी आपल्याला निवडून दिले ते विश्वासाने. विश्वास ठेवलेल्या माणसाची झडती घ्यायची नसते."

"केरू तांडेल बाजेवरून आला होता विश्वास ठेवायला," रावजीशेट म्हणाले.

सूचनेला अनुमोदन मिळाले नाही. यादी मंजूर झाली, विरोध त्यांचा एकट्याचा. पण कायद्यात एक वाट होती. मालकाने स्वत: अर्ज केला तर फेरमोजणी नाकारता येत नसे. अर्थात आपली पट्टी वाढवा म्हणून अर्ज करणारा मालक कुणी पाहिला नव्हता, म्हणून ती वाट बुजवायची राहून गेली होती. रावजीशेटने अर्ज दिला, आणि पदरच्या पैशाने गावात दवंडी पिटवली. रावजी मेंबराच्या घराची पाहणी उद्या सकाळी, ज्याला बघायचे असेल त्याने यावे.

सारा गाव लोटला. काही खरे बघायला आले, बरेचसे तमाशा बघायला. नारोपंत फिरकले नाहीत. मयेकर दोरी घेऊन पायरीशी उभा राहिला, सवयीने अंगणातच घोटाळला. रावजीशेट म्हणाले, "आत या. सगळे आत या." ज्या बायका वर्षानुवर्षे त्या पायरीशी उभ्या राहून खोबरे विकून गेल्या, त्या भीत भीत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. ओटी मोजली, माजघर मोजले, कोठी मोजली. दुकानाचे उत्पन्न किती, बागायत कुठे, रावजीशेट मोठ्याने सांगत होते. सांगताना कानशिले तापत होती. पण मनातून कुठे तरी त्यांना वाटू लागले होते की आता आपण सुटलो. लोक बघत आहेत, आपण सगळे उघडे केले आहे, आता तरी झोप लागेल.

गर्दीतून हौसा पुढे आली. हातांना अजून केळीची पाने बांधलेली होती. ती माजघरात मधोमध उभी राहिली आणि वर कौलांकडे बघत राहिली. 

"शेट," ती म्हणाली, "मी तुमाला शिव्या देयाला नाय आलंय. कौलं तुमी उतरवली नायत. माज्या हातानं उतरवलीव मी. खोट्यात पडतंय हे मना कळत व्हतं, तरी उतरवलीव. म्हातारा म्हनत व्हता, नको गो. मी आयकलं नाय. ते माजं मी भोगीन."

"हौसा..."

"माजं येक इचारायचं हाय. खोटं तुमीबी केलंत, मीबी केलंय. झापबी तेच. तुमच्या घरात तुमची पट्टी वाचली. माज्या घरात मानूस जळलं. येकच खोटं, शेट. मंग असं कसं झालं?"

  आपण सुटलो असे क्षणापूर्वी वाटले होते, त्याची रावजीशेटला शरम वाटली. हौसा उत्तराची वाट बघत उभी होती. दारातली, ओटीवरची सारी माणसे वाट बघत होती.

मयेकराने खाकरून दोरी गुंडाळायला घेतली. "झाले ना शेट? खालचे सगळे लिहिले. वर काही असले तर राहू दे, एवढे पुष्कळ आहे."

रावजीशेटने त्याच्या हातातले दोरीचे टोक घेतले.

"वर चला," ते म्हणाले. "माडीवर दोन खोल्या आहेत."