दर पाचवी घंटा

कुंभारीच्या वाटेवर एक कडुलिंब होता आणि त्याला पानांपेक्षा घंटा जास्त होत्या. बारकं वारं सुटलं तरी सगळं झाड आरतीला उभं राहिल्यासारखं किणकिणायचं, आणि खाली बसलेली माणसं हात जोडायची. गुरुवारी तर तिथं पाय ठेवायला जागा नसे. बैलगाड्या, सायकली, शेंगावाले, नारळवाले. एका पंक्चरवाल्यानंही झाडाखालीच दुकान थाटलं होतं. भूत सुटो न सुटो, चाकातली हवा हमखास सुटते, असा त्याचा अनुभव होता.

झाडाच्या बुंध्याशी चौथरा, चौथऱ्यावर घंटेवाले अप्पा. अप्पा पूर्वी लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. पुढं त्यांना साक्षात्कार झाला, पण माइक काही सुटला नाही. झाडाच्या शेंड्याला कर्णा बांधलेला होता. तो वाजला की कुंभारीपर्यंत ऐकू जायचं.

"हॅलो, हॅलो, वन टू थ्री," अप्पा सुरुवात करत. "भूत, मुंजा, हडळ, करणी, झोप न लागणं, सारखं रडू येणं आणि सासूशी न पटणं. रोग कुठलाबी असो, गुरुवार पाच. रोज लिंबूपाणी आणि मूठभर लाह्या. पाचव्या गुरुवारी घंटा. मग मागं वळून बघायचं न्हाय, वर्षभर ह्या वाटेला फिरकायचं न्हाय. फिरकला की गेलेलं पुन्हा मानगुटीवर."

त्या गुरुवारी पाचवा वार पुरा झालेला एक पोरगेला विणकर पुढं बसला होता. अप्पांनी डाव्या हातानं माइक त्याच्या तोंडाशी धरला. उजव्या हातात केरसुणी होती.

"हलकं वाटतंय का?"

पोरानं केरसुणीकडं बघितलं. "व्हय," तो म्हणाला. कर्णा "व्हय" म्हणाला. गर्दीनं जयजयकार केला, आणि ज्यावर नाव, गाव आणि नंबर रंगवलेला होता असा एक पत्रा आणि एक पितळी घंटा झाडावर चढली.

त्याच्या शेजारी एक बाई होती. तिलाही तोच प्रश्न झाला. ती काहीतरी पुटपुटली, पण तोवर माइक अप्पांच्या तोंडाशी परत आला होता. "श्रद्धा कमी पडली. आणखी पाच गुरुवार," कर्णा म्हणाला, आणि केरसुणीनं आपलं काम केलं.

मडिवाळप्पा हे सगळं दुसऱ्या रांगेतून बघत होता. त्याच्या एका बाजूला आई चंद्रव्वा, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण काशम्मा. काशम्माचा आज दुसरा गुरुवार.

काशम्माचं पोरगं अकरा महिन्यांचं होऊन वारलं होतं. त्या गोष्टीला सात महिने झाले. तिला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून ती सोलापुरात भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसलेली असे. रडत नसे, भांडत नसे. तिला एकच शब्द उरला होता. जेवलीस का? व्हय. झोप लागली का? व्हय. ताट तसंच असे, डोळे तांबारलेले असत. शेजारची म्हातारी एकदा गमतीनं म्हणाली, "अगं, तू आभाळातनं पडलीस का?" तरी ती व्हय म्हणाली. त्यावर कोणी हसलं नाही.

आधी तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. दोन खेपा झाल्या, गोळ्या मिळाल्या, फरक दिसेना. मग चंद्रव्वानं अप्पांचे पाय धरले. अप्पांनी पहिल्याच गुरुवारी गोळ्यांची पुडी माइकवरून सर्वांना दाखवली आणि विहिरीत टाकली. विहिरीला काही फरक पडला की नाही, हे कळायला मार्ग नाही. काशम्मा मात्र लाह्यांवर राहून अशी वाळली, की आता अंगण ओलांडतानाही भिंत धरायची.

"अव्वा, हिला खायला घालू या," मडिवाळप्पा परतताना म्हणाला.

"तू गप ऱ्हा. एवढ्या घंटा काय फुकट लागल्यात व्हय?"

मडिवाळप्पा वाटभर ह्या प्रश्नाचा विचार करत राहिला. तो प्रश्न त्याच्या धंद्यातला होता.

मडिवाळप्पा चादरीच्या कारखान्यात माल तपासायला होता. दिवसभर उभ्यानं चादरी टेबलावरून ओढायच्या, तुटका धागा, गाठ, उडालेली नक्षी दिसली की खडूनं फुली मारायची. बारा वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. विणकर हातात देईल ती चादर तपासायची नसते. ती चांगलीच असते. गठ्ठ्यातून आपण ओढायची, दर पाचवी, मग ती कुणाची का असेना. आणि खराब मालाचा ढीग कुठं आहे हे आधी विचारायचं. ज्या कारखान्यात खराब मालच नाही, तिथं कारखाना नाही, नुसतं दुकान आहे.

आता त्याला पहिल्यांदाच जाणवलं, की झाडावर फक्त चांगला माल टांगलाय.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच झाडाखाली गेला. यंदाच्या घंटा खालच्या फांद्यांना होत्या, एक ते शंभर. त्यानं दर पाचव्या पत्र्यावरचं नाव-गाव चोपडीत उतरवलं. वीस नावं झाली. मग संध्याकाळी पाळी सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी सायकल काढली.

घंटा नंबर पाच, धोंडीराम. दार उघडायला आला. कपाळाला जखम होती.

"बरं हाय का आता?"

"तसंच हाय की. झोप न्हाय, भिताडावर डोकं आपटतो."

"मग घंटा?"

"केरसुणी बघितली न्हाय का तुमी? पाच गुरुवारांत माझं वजन निम्मं झालं. म्हटलं, हलकं वाटतंय. खोटं बोललो न्हाय."

नंबर वीस, बजाबाई, तिच्या म्हणण्याप्रमाणं ठणठणीत होती. पण लेकीचं बाळंतपण नीट पार पडल्यावर आपल्याला आपोआप झोप लागायला लागली, असंही तिनं सांगितलं. नंबर पस्तीस घरात सापडला नाही, गोठ्यात सापडला. ती म्हैस होती. मालकानं तिच्या वतीनं व्हय म्हटलं होतं. म्हैस अजून लाथा मारत होती.

असं करत करत एकोणीस घरं झाली. तिघं खरोखर बरी होती. अकराजण होते तसेच. चौघांचं जास्तीच बिघडलं होतं, त्यातल्या एकाला साखळी होती. एक म्हैस. ह्यातल्या कुणीही कुणाला काही बोललं नव्हतं, कारण बोललं तर भूत परत येणार होतं. ते गेलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शेवटी राहिलेलं विसावं घर नंबर पंच्याऐंशीचं होतं. नाव गुरम्मा, वय बावीस. दारात तिचा बाप रुद्रप्पा बसला होता.

"पाचव्या गुरुवारी हलकं वाटतंय म्हणाली," रुद्रप्पा म्हणाला. "आमाला लई बरं वाटलं. आमी परत काय इचारलंच न्हाय. अकराव्या दिवशी विहिरीत मिळाली." त्यानं झाडाच्या दिशेला बघितलं. "घंटा वाजती का हो अजून?"

"वाजती," मडिवाळप्पा म्हणाला. खोटं बोलायला त्याला जमलं नाही.

परत येताना त्यानं सायकल हातानं ढकलत आणली. पाचव्या गुरुवारी काशम्माला विचारतील, हलकं वाटतंय का. ती व्हय म्हणेल. ती सगळ्यालाच व्हय म्हणते. मग घंटा लागेल, आणि त्यानंतर तिला कोणीच काही विचारणार नाही.

त्यानं डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. डॉ. कलशेट्टी चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या.

"तुमच्या गोळ्यानं फरक पडला न्हाय," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

बाईंनी कागद काढला. "पण इथं तर दोन्ही खेपांना लिहिलंय, बरं वाटतंय. मी स्वतः विचारलं होतं."

"ती सगळ्यांनाच व्हय म्हणती, बाई. अप्पालाबी म्हणंल."

बाईंनी पेनाला टोपण घातलं. मडिवाळप्पानं चोपडी टेबलावर ठेवली आणि वीस घंटा वाचून दाखवल्या. म्हशीपाशी बाई हसल्या नाहीत. गुरम्मापाशी त्यांनी चष्मा काढला.

"आता तुमची रजिस्टरं दाखवा," तो म्हणाला. "दर पाचवं नाव."

डॉक्टरला असं कुणी सोलापुरात म्हटलं नसावं. बाईंनी मात्र रजिस्टर समोर सरकवलं. दर पाचव्या नावावर बोट ठेवत दोघं पानाच्या तळापर्यंत आली. बऱ्याच नावांपुढं शेरा होता, परत आले नाहीत.

"हे बरे झाले?" मडिवाळप्पानं विचारलं.

"मी तसं धरत होते," बाई सावकाश म्हणाल्या. "बरं वाटलं असेल, म्हणून आले नसतील."

"बाई, तुमच्या दवाखान्यालाबी एक लिंबाचं झाड हाय की."

बाईंनी त्या सगळ्या नावांवर तांबड्या पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि कंपाउंडरला पोस्टकार्डांचा गठ्ठा आणायला सांगितलं. पहिलं पोस्टकार्ड त्यांनी स्वतः लिहिलं. 'आपण आला नाहीत. बरं वाटत असेल तरी कळवा. बरं वाटत नसेल तर जरूर कळवा.'

"आणि काशम्माला घेऊन या," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला मी वेगळं विचारीन."

पण चंद्रव्वा ऐकेना. चार गुरुवार झाले, आता एकासाठी मोडता घालायचा? पाचवा गुरुवार उजाडला. मडिवाळप्पानं घंटांच्या माणसांना येण्याची विनंती केली होती. बहुतेकांनी दार लावून घेतलं. एकटी निंगव्वा आली. घंटा नंबर चाळीस. वर्ष संपलं नसताना तिनं त्या वाटेला पाऊल टाकलं होतं.

अप्पांनी काशम्माला चौथऱ्यावर बसवलं. ती बसली काय, ठेवल्यासारखी झाली.

"थांबा की अप्पा," मडिवाळप्पा उभा राहिला. "मला बोलायचंय."

"माइक न्हाय," अप्पा माइकवरून म्हणाले.

"नको माइक." त्यानं चोपडी उघडली. कारखान्यात माग धडधडत असताना बोलायची सवय असलेल्या माणसाला कर्णा लागत नाही. त्यानं वीस नंबर वाचले. कुणाचं काय, कोण कसं. गर्दी आधी ओरडली, मग कुजबुजली, मग म्हशीपाशी एकजण हसला, आणि पंच्याऐंशीपाशी सगळे गप्प झाले.

"ह्यांची श्रद्धा कमी पडली," अप्पा म्हणाले.

तेव्हा निंगव्वा पुढं आली. तिनं वर बोट केलं. "ती घंटा माझी. मला तवाबी बरं न्हवतं, आताबी न्हाय. माझी श्रद्धा कमी पडली म्हंता, तर मग घंटा का बांधली?"

अप्पांनी अशा वेळी करायचं तेच केलं. पुढच्या माणसाकडं वळले. माइक काशम्माच्या तोंडाशी धरला, केरसुणी उचलली. "पोरी, सांग जगाला. हलकं वाटतंय का?"

मडिवाळप्पा पुढं झाला आणि त्यानं केरसुणी धरली. ओढली नाही, नुसती धरून ठेवली. "काशे," तो म्हणाला, "काय बी म्हण. कुणी मारणार न्हाय. कुणी रागवणार न्हाय."

काशम्मानं केरसुणीकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आईकडं बघितलं. अप्पा माइक मागं घ्यायला लागले, पण तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. त्या हातांत इतका जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"न्हाय," ती म्हणाली.

कर्णा "न्हाय" म्हणाला. शेताशेतांतून, कुंभारीपर्यंत.

चंद्रव्वानं पदर तोंडाला लावला. मग तिनं डब्यातली भाकरी काढली, मोडली, आणि चौथऱ्यावरच लेकीला भरवली.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. पुढच्या गुरुवारी झाडाखाली निम्मी गर्दी होतीच. दोन महिन्यांनी अप्पा दोन बैलगाड्या भरून घंटा घेऊन कुठल्याशा दुसऱ्या झाडाच्या शोधात निघून गेले. जाताना तासभर गाड्या वाजत होत्या. पंच्याऐंशी नंबरची तेवढी रुद्रप्पानं आधीच उतरवून नेली होती.

डॉ. कलशेट्टींनी मेजावर मातीच्या दोन वाट्या मांडल्या, एक पांढऱ्या खड्यांची, एक काळ्या खड्यांची, आणि एक झाकणाचा डबा. आलेल्या माणसानं जाताना एक खडा डब्यात टाकायचा. मागच्यापेक्षा बरं असेल तर पांढरा, नसेल तर काळा. बाई तोवर खिडकीकडं तोंड करून उभ्या राहत आणि माणूस गेल्यावर डबा उघडून बघत. काशम्मानं चार आठवडे काळा खडा टाकला. बाईंनी चारही वेळा गोळ्यांना दोष दिला नाही, काशम्मालाही नाही. पाचव्या खेपेला त्यांनी विचारलं, "माझं काय चुकतंय?"

काशम्मा म्हणाली, "तुमी सारखं इसर म्हंता. ते बरं वाटत न्हाय."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "बरं. नाही म्हणणार. बाळाचं नाव काय होतं?"

आठ-नऊ महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. "ईरप्पा," काशम्मा म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. जाताना तिनं डब्यात पांढरा खडा टाकला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा काळा, नंतर दोनदा पांढरा. असंच हळूहळू.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, कुठल्याही झाडाखाली, कुठल्याही दवाखान्यात जा. वाजणाऱ्या घंटा मोजत बसू नका, त्या वाजणारच. आधी विचारा, ज्यांना बरं वाटलं नाही ती माणसं कुठं आहेत. एखाद्याला बरं वाटतंय का हे विचारायचं असेल, तर हातातली केरसुणी आधी खाली ठेवा. आणि तो नाही म्हणाला, तर त्याला आणखी पाच गुरुवार सांगू नका. आपलं काय चुकलं, ते शोधा.