इदालिनाची चादर

मिरवणुकीच्या दिवशी घरातली सगळ्यात देखणी चादर बाल्कनीवर टाकायची, हा आमच्या मिन्योकडचा, म्हणजे उत्तर पोर्तुगालातला रिवाज. चुलीत राख का असेना, बाल्कनी उघडी राहिली की घराचं नाक कापलं जातं.

म्हणून चर्चहून परतणारी इदालिना कोपऱ्यावरच थिजली. सासूबाईंनी, फेलिस्मिनाबाईंनी, खरोखरच सगळ्यात देखणी चादर टाकली होती. इदालिनाने दोन वर्षं खपून भरतकाम केलेली, ट्रंकेच्या तळाशी दडवलेली. चार वाजता ती न्यायला पोर्तू शहराहून गाडी येणार होती. तिथल्या चित्रकार बायकांनी नुसत्या बायकांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं होतं आणि ही चादर त्यांनी निवडली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. देशातली हुकूमशाही उलथवणारी क्रांती होऊन तीन वर्षं झाली होती, पण ती अजून इदालिनाच्या नवऱ्यापर्यंत, अबीलियूपर्यंत, पोचायची होती.

चादरीवर मधोमध एक पुरुष खुर्चीत घोरत होता. तोंड उघडं, पाय गरम पाण्यात. भोवती एकच बाई अकरा ठिकाणी: पाव भाजताना, धुणं बडवताना, बाळंत होताना. अंगावर चिंधी नाही. कपडे घालायला तिला सवड कुठली?

इदालिना धावत सुटली, पण मिरवणूक आधी पोचली आणि बाल्कनीखाली थबकली. बँड गप्प झाला. फादर अन्सेल्मूंनी चष्मा पुसला, ती त्यांची चूक. आता त्यांना सगळंच नीट दिसलं.

"फेलिस्मिनाबाई, काढा ते आधी!"

"तो मी नाहीये!" संताच्या पालखीला खांदा दिलेला अबीलियू ओरडला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तू कसला? तो आमचा आहे," खाटकाची बायको झुल्मीरा म्हणाली. "अस्साच जबडा वासून पडतो मेला!"

"पाय मात्र माझ्या नवऱ्याचे हो!" पोस्टातली बाई म्हणाली.

बायकांत हशा पिकला. पालखीखालचे सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघू लागले आणि संत एका बाजूला कलला.

इदालिना धापा टाकत वर पोचली. फादरांनी चादर फाडली, अबीलियूने जाळली, तर दोन वर्षं मातीत. तिने चादर ओढायला घेतली, तोच सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"सोड."

"सासूबाई, चुकून टाकलीत तुम्ही. मी काढते."

"चुकून? परवाच ट्रंक उघडली मी. पोर्तूचं पत्र वाचलं आणि चादरीकडे दोन तास बघत बसले होते." म्हातारी कठड्यावरून वाकली. "फादर, रिवाज घरातल्या सगळ्यात चांगल्या चादरीचा ना? मग हीच ती. हिच्या तोडीची मला जन्मात जमली नाही. व्हा पुढे, पोरांचे खांदे भरून आले असतील. आणि पोर्तूची गाडी वाटेत अडली, तर तिला जागा द्या."

फादर काही बोलणार होते. पण बायकांनी टाळ्या पिटल्या, बँडने ती खूण समजून सूर धरला आणि मिरवणूक हलली.

इदालिनाच्या डोळ्यांना धार लागली. "मला वाटलं, तुम्ही चिडाल. तुमच्याच मुलाला मी असा..."

"अबीलियू आहे होय तो?" सासूबाई चादरीवर वाकल्या. "मी समजले, आमच्या म्हाताऱ्याला काढलंस. झोपेतच गेला तो. आणि मी तासभर पाय न वाजवता स्वयंपाक करत होते, त्याची झोप मोडू नये म्हणून."